घरचे मेपल ओट स्कोन: मुंबईत मिळणाऱ्या सामानाचे परीक्षण

कॉफीहाऊसच्या काचेच्या कपाटात दिसणारा, वरून मेपलचा लेप दिलेला त्रिकोणी ओट स्कोन (बिस्किट आणि केक यांच्या मधला, ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) घरी उत्तम होतो आणि मुंबईत राहणाऱ्याने तो घरीच करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. स्कोन हा थोड्या वेळाचा पदार्थ आहे. ओव्हनमधून निघाल्यावर पहिले दोन-तीन तास त्याचा वरचा थर कुरकुरीत आणि आतला भाग मऊ, किंचित ओलसर असतो. त्यानंतर पिठातील स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि स्कोन कोरडा पडत जातो. शहरभर शाखा असलेल्या कॉफीच्या दुकानांत असे पदार्थ बहुधा एका ठिकाणी भाजून शाखांवर पाठवले जातात आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर फक्त गरम करून दिले जातात. तिथे कारागीर कितीही चांगला असला तरी ताजेपणाची ती वेळ आपल्या ताटलीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच या परीक्षणात मी कोणत्याही एका दुकानाच्या स्कोनला गुण देण्याऐवजी घरच्या स्कोनसाठी मुंबईत मिळणारे सामान तपासले आहे: कशावर पैसे खर्च करावेत, कशावर करू नयेत आणि आपल्या हवेत कोणती काळजी घ्यावी.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. सुरुवातीला तो ओट्सच्या किंवा जवाच्या पिठाचा असे आणि लोखंडी तव्यावर मोठा गोल भाजून त्याचे चार तुकडे करत. एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर आली आणि तो फुगू लागला. इंग्लंडमध्ये तो आजही गोल, कमी गोड आणि जॅम व घट्ट सायीसोबत खाल्ला जातो; अमेरिकेत मात्र त्याला त्रिकोणी आकार, जास्त बटर, जास्त साखर आणि वरून लेप मिळाला. मेपल, ओट्स आणि काजू-अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा हा प्रकार तिथल्या स्टारबक्सच्या काउंटरवर बराच लोकप्रिय होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान मुंबईतच, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत उघडले आणि या धाटणीची कॉफीहाऊस आपल्याला परिचित झाली. तरीही मफिन, क्रोसाँ आणि केक यांच्या गर्दीत हा विशिष्ट स्कोन मला मुंबईत क्वचितच दिसला आहे. ज्याला त्याची चव हवी आहे त्याला घरचा ओव्हन हाच खात्रीचा मार्ग आहे.

सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त फसवणुकीचा घटक मेपल सिरप हा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. शुगर मेपल या झाडाच्या खोडाला हिवाळ्याच्या अखेरीस, जेव्हा रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते अशा काही आठवड्यांत, छिद्र पाडून त्याचा रस गोळा केला जातो. हा रस जवळजवळ पाण्यासारखाच असतो. त्यात साखरेचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असते. तो आटवून आटवून ६६ टक्के साखरेपर्यंत आणला की सिरप होते, आणि त्यामुळे एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस लागतो. जगातील बहुतेक सिरप कॅनडाच्या क्विबेक प्रांतातून येते. एवढा रस, एवढे इंधन आणि वर्षातून एकदाच येणारा छोटा हंगाम पाहता त्याची किंमत मधाच्या तेवढ्याच बाटलीच्या कितीतरी पट असते याचे आश्चर्य वाटायला नको.

मुंबईतील मोठ्या सुपरमार्केटांत, परदेशी वाणसामानाच्या दुकानांत आणि घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर दोन प्रकारच्या बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक शुद्ध मेपल सिरप आणि दुसरे पॅनकेक सिरप, ज्याच्या लेबलवर मेपलच्या पानाचे चित्र असते पण घटकांच्या यादीत कॉर्न सिरप किंवा ग्लुकोज, कॅरमेलचा रंग आणि कृत्रिम स्वाद लिहिलेला असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. शुद्ध सिरपच्या घटकांत एकच नाव असते. मेपलचा अंश नावापुरता मिसळलेली तिसरी जातही बाजारात आहे आणि तिचे वेष्टन सर्वांत फसवे असते, त्यामुळे ‘मेपल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दिसला तरी यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पॅनकेक सिरप मी स्कोनसाठी पूर्णपणे नाकारते. त्याचा गोडवा एकसुरी असतो, ओव्हनच्या उष्णतेत त्याचा स्वाद उडतो आणि मागे केवळ साखरेची चव उरते.

शुद्ध सिरपमध्येही रंगानुसार चार प्रती असतात: सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद. हंगाम जसा पुढे सरकतो तसा रंग गडद आणि चव ठसठशीत होत जाते. पॅनकेकवर ओतायला अंबर छान लागते. पण मैदा, ओट्स आणि बटर यांच्या संगतीत त्याचा आवाज दबतो. बेकिंगसाठी ‘डार्क’ असे लिहिलेली बाटली मिळाली तर तीच घ्यावी. मुंबईत बहुतेक ठिकाणी अंबरच दिसते, गडद शोधावी लागते, पण शोधण्याजोगा फरक नक्कीच आहे.

माझ्या सासूबाईंनी बाटलीचे झाकण उघडल्याबरोबर “याला मेथीचा वास येतो गं” असे म्हटले होते आणि त्यांचे नाक अगदी अचूक होते. सोटोलोन नावाचा एक सुगंधी रेणू मेथीदाण्यांत भरपूर असतो आणि मेपल सिरपच्या सुगंधातही त्याचा वाटा असतो. कृत्रिम मेपल स्वाद बनवताना म्हणूनच मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्क शहरावर २००५ पासून अधूनमधून मेपल सिरपसारखा गोड वास पसरत असे आणि लोक चक्रावून जात. अखेर २००९ मध्ये तिथल्या प्रशासनाने जाहीर केले की तो वास शेजारच्या न्यू जर्सीतील, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून येत होता. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांवर वाढलेल्या आपल्या जिभेला हा स्वाद परका वाटत नाही, हे मला या पदार्थाचे मोठे बलस्थान वाटते. मात्र लेपात मेथीची पूड घालून मेपलची नक्कल करण्याच्या वाटेला जाऊ नये, कारण स्वादाआधी कडवटपणा जाणवतो. शुद्ध सिरपचा खर्च परवडत नसेल तर सरळ चांगली काकवी वापरावी. काकवीचा ओट स्कोन हा मेपलचा स्कोन नव्हे, पण तो स्वतःच्या गुणांवर उभा राहतो आणि पॅनकेक सिरपच्या स्कोनपेक्षा शतपटीने सरस लागतो.

महागडे सिरप कुठे घालावे, हा यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न. बऱ्याच कृतींमध्ये ते पिठात सढळ हाताने ओतायला सांगतात. माझ्या मते हा पैशाचा अपव्यय आहे. २०० अंशांच्या उष्णतेत सुगंधाचा मोठा भाग निघून जातो, शिवाय जास्त सिरपमुळे पीठ चिकट होते आणि स्कोन उभा राहण्याऐवजी पसरतो. आठ स्कोनसाठी पिठात तीन टेबलस्पून पुरे. बाकीचे लेपासाठी राखून ठेवावे. लेप भाजला जात नाही, जिभेला तो प्रथम लागतो, आणि कॉफीहाऊसच्या स्कोनची ओळख मुळात त्या लेपातच आहे.

आता बटर, कारण मुंबईत स्कोन बिघडतो तो बहुधा इथे. आपण शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घालतो आणि पिठाचा मुटका वळला की समाधान मानतो. स्कोनचे मोहन मात्र बर्फासारखे थंड हवे आणि मुटका वळेपर्यंत ते चोळायचे नाही. गरम मोहन पिठाच्या कणाकणाला लागते आणि शंकरपाळी खुसखुशीत होते. थंड बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले तर ओव्हनमध्ये ते वितळताना त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर उचलून धरते. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असते, हे लक्षात घेतले की थंडपणाचा एवढा आग्रह का, ते कळते. तिशीच्या पुढच्या तापमानात बटर वितळू लागते आणि मुंबईच्या मे महिन्यात स्वयंपाकघराचे तापमान तेवढेच असते. पंखा लावून काही उपयोग होत नाही.

त्यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. बटरची वडी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवावी आणि ऐनवेळी मोठ्या छिद्रांच्या किसणीवर पिठातच किसावी. वडी तिच्या कागदासकट धरली म्हणजे हाताची ऊब लागत नाही. मैदा, ओट्स आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. किसलेले बटर बोटांच्या टोकांनी फक्त पिठात घोळवावे, तळव्याने चोळू नये. त्रिकोण कापून झाल्यावर ते ताटलीसकट पुन्हा २० ते ३० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालावेत. ही शेवटची पायरी थंड हवेच्या गावात वगळता येईल, मुंबईत नाही. डिसेंबर-जानेवारीतील सकाळ या कामाला सर्वांत अनुकूल असते. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी हात घालावा.

बटर कोणते घ्यावे, याचे उत्तर पाककृतींच्या पुस्तकांपेक्षा मी थोडे वेगळे देईन. बिनमिठाचे बटर आता सहज मिळते आणि मिठावर आपला ताबा राहतो म्हणून तेच आदर्श मानले जाते. पण घरात नेहमी असणारे अमूलचे पिवळे, खारे बटर या स्कोनला अतिशय शोभते, कारण मेपलच्या गोडव्याला मिठाची साथ हवीच असते. फक्त पिठात वेगळे मीठ घालू नये. घरच्या सायीच्या लोण्याचा मोह टाळावा. त्याची चव सुंदर असली तरी त्यात पाणी किती आहे ते दर वेळी बदलते आणि ताकाचा अंश राहिला असेल तर पीठ अनपेक्षितपणे सैल होते.

क्रीमच्या बाबतीत परदेशी कृती जशीच्या तशी उचलली की गडबड होते. तिकडच्या हेवी क्रीममध्ये ३६ टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो, तर आपल्याकडे खोक्यात मिळणारे फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचे असते. म्हणजे त्यात पाणी जास्त. सांगितलेल्या मापाच्या तीन चतुर्थांशच घालावे, उरलेले हाताशी ठेवावे आणि पीठ कसेबसे एकत्र येते आहे असे दिसताच थांबावे. परदेशी कृतीत ‘बटरमिल्क’ लिहिले असेल तर आपले पातळ ताक वापरू नये. घट्ट दह्यात चमचा-दोन चमचे दूध फेटून घ्यावे.

ओट्स रोल्ड हवेत, ज्यांच्या सपाट पाकळ्या शाबूत दिसतात. पाण्यात टाकताच विरघळणाऱ्या इन्स्टंट ओट्सचा स्कोनमध्ये चिखल होतो. कढईत मंद आचेवर, सुगंध सुटेपर्यंत ते कोरडेच भाजून पूर्ण गार करावेत आणि त्यातील निम्मे मिक्सरच्या छोट्या भांड्यात भरड फिरवावेत. एवढ्या एका कामाने चवीत जो फरक पडतो तो महागड्या ब्रँडने पडत नाही, म्हणून ओट्सवर जादा खर्च करू नये.

आठ स्कोनचे प्रमाण मी असे ठेवते: २०० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम भाजलेले ओट्स, अडीच टीस्पून बेकिंग पावडर, ४० ग्रॅम ब्राउन शुगर, ११० ग्रॅम गोठवलेले बटर, ६० ग्रॅम भरड तोडलेले अक्रोड, तीन टेबलस्पून मेपल सिरप, एक अंडे आणि ८० ते १०० मिलिलिटर थंड क्रीम. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी तीन टेबलस्पून घट्ट दही घ्यावे; स्कोन किंचित कमी सोनेरी दिसतो, पण मऊपणात उणा पडत नाही. ओले सामान कोरड्यात ओतल्यावर उलथन्याने जेमतेम एकत्र करावे आणि गोळा दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, कारण ओट्स सावकाश पाणी शोषतात आणि सुरुवातीला चिकट वाटणारे पीठ आपोआप हाताळण्याजोगे होते. पोळीच्या कणकेसारखे मळणे येथे घातक आहे. मळल्याने ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिनांचे जाळे, तयार होते आणि स्कोन चिवट होतो. इंचभर जाडीची गोल थापी करून धारदार सुरीने, ती पुढे-मागे न ओढता सरळ खाली दाबत आठ त्रिकोण कापावेत.

अमेरिकी कृतीत पेकन, म्हणजे अक्रोडासारखाच एक सुका मेवा, असतात. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात सुक्या मेव्याच्या आणि बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत फेरी मारली तर तेही मिळतात, पण अक्रोडाच्या तुलनेत त्यांना मोजावी लागणारी किंमत चवीत परत मिळत नाही. काश्मिरी अक्रोड किंचित तुरट असतात आणि तो तुरटपणा लेपाच्या गोडीला तोलून धरतो. मात्र विकत घेताना एक गर तोडून चाखावा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या गोणीतील अक्रोड लवकर खवट होतात आणि एक खवट अक्रोड सगळा घाणा खराब करतो. घरी आणल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवावेत. बेकिंग पावडरच्या डब्यावरची तारीखही त्याच फेरीत पाहून घ्यावी, कारण ओलसर हवेत तिची ताकद मुदतीआधीच संपते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकल्यावर जोरात फसफसली पाहिजे.

ओव्हनविषयी थोडक्यात सांगायचे तर घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) या कामाला पूर्ण समर्थ आहे. खालचा-वरचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून तो २०० अंशांवर किमान पंधरा मिनिटे तापवावा आणि स्कोन मधल्या कप्प्यात १८ ते २२ मिनिटे भाजावेत. लहान ओटीजीमध्ये वरचा रॉड फार जवळ येतो. रंग लवकर चढू लागला तर वरून ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर ठेवावी. ओटीजीची खुंटी जे तापमान दाखवते ते आत असतेच असे नाही, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत घ्यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. या संपूर्ण यादीत कमी पैशांत सर्वाधिक उपयोगी पडणारी वस्तू तीच आहे. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन पद्धतीवरही स्कोन होतात, पण तळ हवा तसा खरपूस होत नाही.

लेपासाठी चार टेबलस्पून सिरप छोट्या भांड्यात मंद आचेवर एक-दोन मिनिटे उकळून थोडे दाट करावे, त्यात चमचाभर बटर आणि चिमूटभर मीठ घालून उतरवावे आणि कोमट असताना चाळलेली १०० ग्रॅम पिठीसाखर फेटून मिसळावी. फार घट्ट वाटले तर चमचाभर क्रीम घालावे. पाकिटातील आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नस्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे लेप चांगला बसतो. मिक्सरवर घरी दळलेल्या पिठीसाखरेत चमचाभर कॉर्नफ्लोअर घातले की तेच काम होते. लेप स्कोन पूर्ण गार झाल्यावरच द्यावा. पावसाळ्यात मात्र हवेतील ओलावा शोषून लेप चिकटच राहतो, त्यावर पापुद्रा धरत नाही, आणि यावर वातानुकूलित खोलीखेरीज दुसरा उपाय नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी लेप पातळच ठेवते आणि खाण्याच्या अगदी आधी चमच्याने वरून ओतते. दिसायला तो कॉफीहाऊससारखा नसतो, चवीला मात्र कणभरही कमी नसतो.

अशा पद्धतीने केलेला स्कोन आणि मुंबईच्या कॉफीहाऊसमधला कुठलाही स्कोन यांची तुलना करताना मला तीन ठिकाणी घरचा सरस वाटतो. कडा खरोखर कुरकुरीत असतात, ओट्सचा भाजका सुगंध स्पष्ट जाणवतो आणि गोडवा आपल्या हातात राहतो. दुकानातील स्कोन एका बाबतीत पुढे असतो, तो म्हणजे सारखेपणा. आठही त्रिकोण एका उंचीचे, एका रंगाचे येणे घरी सहजासहजी साधत नाही. खर्चाचा हिशेब सिरपवर अवलंबून आहे. शुद्ध सिरपची बाटली धरूनही घरचा एक स्कोन कॉफीहाऊसच्या स्कोनपेक्षा स्वस्त पडतो, पण पहिल्याच वेळी सगळे सामान नवे आणावे लागले तर ती बचत दिसणार नाही. वर्षातून एकदाच स्कोन खाण्याची इच्छा होत असेल तर एवढा घाट घालू नये. कडक फिल्टर कॉफीबरोबर किंवा बिनसाखरेच्या चहाबरोबर तो सर्वांत छान लागतो. आपल्या नेहमीच्या गोड, आल्याच्या चहात मेपल हरवून जाते.

उरलेले स्कोन फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण फ्रिजच्या तापमानात स्टार्च सर्वांत वेगाने शिळा होतो. त्याच दिवशी खायचे असतील तेवढेच भाजावेत आणि बाकीचे कच्चे त्रिकोण फ्रीझरमध्ये कडक गोठवून हवाबंद पिशवीत भरावेत. ते महिनाभर उत्तम टिकतात आणि न वितळवता, दोन-तीन मिनिटे जास्त देऊन थेट भाजता येतात. एकट्या-दुकट्याच्या घरात ही सोय फार मोलाची आहे. मेपल सिरपची बाटली एकदा उघडली की फ्रिजमध्येच ठेवावी. त्यात संरक्षक द्रव्य नसते आणि बाहेर ठेवल्यास मुंबईच्या हवेत त्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.